गाडीचा नंबर किती लांबून वाचता येतो?

संध्याकाळची वेळ आहे. अंधेरीला पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या कडेला एक मनुष्य बसची वाट पाहत उभा आहे. त्याच्या डोळ्यांदेखत एक मोटार सायकलस्वाराला धडक देते आणि न थांबता बोरिवलीच्या दिशेने निघून जाते. थोड्या वेळाने पोलीस येतात. पहिला प्रश्न असतो, "गाडीचा नंबर पाहिलात का?"

या प्रश्नाच्या उत्तरावर किती गोष्टी अवलंबून असतात हे आधी पाहू या. नंबर मिळाला की गाडीचा मालक सापडतो, तिचा विमा कोणत्या कंपनीकडे आहे ते कळते आणि जखमीला किंवा त्याच्या कुटुंबाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. ही भरपाई त्या माणसाचे वय, मिळकत आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांचा विचार करून ठरते. नंबर मिळालाच नाही आणि गाडी शेवटपर्यंत सापडली नाही, तर २०२२ सालच्या केंद्रीय योजनेप्रमाणे मृत्यूसाठी दोन लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये अशी ठरावीक रक्कम मिळते. कमावता माणूस गेलेल्या घराच्या दृष्टीने या दोन गोष्टींत फार मोठे अंतर आहे. हे अंतर कित्येकदा रस्त्यावरच्या एका अनोळखी माणसाला पाटीवरची दहा अक्षरे वाचता आली की नाही, एवढ्यावरच ठरते.

म्हणून गाडीची पाटी कोठे लावावी, कशी लावावी, तिच्यावरची अक्षरे केवढी असावीत, हे कायद्याने ठरवून दिले आहे. आपल्याकडे हे नियम केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ५० व ५१ या क्रमांकांखाली सापडतात. वाचायला ते अगदी रुक्ष आहेत. इतके मिलिमीटर उंची, इतके मिलिमीटर जाडी, दोन अक्षरांत इतके मिलिमीटर अंतर, असेच सारे. पण हे मिलिमीटर डोळ्याच्या शास्त्राशी ताडून पाहिले की त्यांतून बरेच काही उलगडते.

आपला डोळा दोन बिंदू वेगवेगळे केव्हा ओळखू शकतो? ते बिंदू डोळ्याशी जो कोन करतात तो निदान एक कला असला पाहिजे. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. निरोगी डोळ्याची ही साधारण मर्यादा आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो ना, तो हर्मन स्नेलेन या डच डॉक्टराने १८६२ साली याच तत्त्वावर तयार केला. सहा मीटरवरून वाचायच्या ओळीतील अक्षराची उंची पाच कला आणि त्याच्या रेघेची जाडी एक कला भरते.

आता थोडे गणित करू. पूर्ण वर्तुळात ३६० अंश, म्हणजे २१,६०० कला असतात. आपण मध्यबिंदूवर उभे आहोत आणि वस्तू वर्तुळाच्या परिघावर आहे असे समजा. परिघ २१,६०० भागांत वाटला, तर एक भाग त्रिज्येच्या ३,४३८ व्या हिश्श्याएवढा येतो (३,४३८ ला २ ने व ३.१४१६ ने गुणून पाहा). याचा अर्थ असा, की कोणतीही वस्तू तिच्या जाडीच्या ३,४३८ पट अंतरावर नेली की ती बरोबर एक कलेएवढी दिसते. जाता जाता सांगायचे तर हा आकडा आपल्याकडे जुना आहे. आर्यभटाने ज्यांची जी सारणी दिली तिच्यात वर्तुळाची त्रिज्या ३,४३८ कलाच धरलेली आहे.

मोटारीच्या नंबरप्लेटवरील अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर, रेघेची जाडी १० मिलिमीटर आणि दोन अक्षरांतील अंतर १० मिलिमीटर असावे, असे नियम सांगतो. १० मिलिमीटरला ३,४३८ ने गुणा. उत्तर येते ३४ मीटरपेक्षा थोडे अधिक. चांगली दृष्टी असलेल्या माणसाला स्वच्छ उजेडात, पाटी समोर असताना, मोटारीचा नंबर सुमारे ३४ मीटरवरून वाचता यावा. त्यापलीकडे रेघा एकमेकींत मिसळू लागतात. ज्याची दृष्टी ६/१२ आहे त्याच्यासाठी हे अंतर निम्मे, म्हणजे १७ मीटर झाले.

मोटारसायकलच्या मागच्या पाटीवरील आकडे ४० मिलिमीटर उंच व ७ मिलिमीटर जाड असतात. त्यांचे अंतर २४ मीटर येते. उपनगरांतल्या रिक्षांचे इंजिन लहान, ५०० घनसेंटिमीटरच्या आतले. त्यांच्या रेघाही ७ मिलिमीटरच्याच, म्हणून त्याही २४ मीटर. मोटारसायकलच्या पुढच्या बाजूची अक्षरे ५ मिलिमीटर जाड, तेव्हा १७ मीटर. वाहन लहान तसे पाटीला जागा कमी आणि जागा कमी तसा साक्षीदाराला मिळणारा पल्लाही तोकडा.

ब्रिटनमध्ये पाटीवरची अक्षरे ७९ मिलिमीटर उंच व १४ मिलिमीटर जाड असतात. तेथे गाडी चालवण्याचा परवाना मागणाऱ्याला परीक्षेच्या सुरुवातीलाच उभ्या असलेल्या गाडीचा नंबर २० मीटरवरून वाचून दाखवावा लागतो. आपल्या हिशेबाने ती पाटी ४८ मीटरवरून वाचता यावी. तेव्हा ही परीक्षा काही फार अवघड नाही, हे तुमच्या लक्षात येईल.

पण आपला साक्षीदार उभ्या गाडीचा नंबर वाचत नाही. गाडी पळते आहे. तिचा वेग ताशी ७२ किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला बरोबर २० मीटर. साक्षीदार गाडीच्या मार्गापासून ४ मीटर बाजूला उभा आहे. गाडी अगदी समोरून जाते त्या क्षणी तिच्यावर नजर ठेवायची तर डोळा सेकंदाला सुमारे २८५ अंश या गतीने फिरवावा लागेल. ते आपल्याला साधत नाही. सारे फराटल्यासारखे दिसते. गाडी १० मीटर पुढे गेली की ही गती सेकंदाला ४० अंशांवर येते, २० मीटरवर ११ अंशांपर्यंत उतरते आणि पाटी नजरेत स्थिर होते. मात्र ३४ मीटरवर अक्षरे पुसट होऊ लागतात. याचा अर्थ वाचायला मिळतात ते मधले २४ मीटर, आणि गाडी ते अंतर सव्वा सेकंदाच्या आतच ओलांडते.

एवढ्या वेळात दहा चिन्हे वाचून लक्षात ठेवायची! जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली दाखवून दिले, की माणूस एका वेळी साधारणपणे सातच्या आसपास गोष्टी चटकन लक्षात ठेवू शकतो. पण त्या गोष्टींचे गट पाडले तर एकेक गट ही एक गोष्ट ठरते. आपल्या नंबरांची रचना अशीच गटांची आहे. आधी राज्याची दोन अक्षरे, मग कार्यालयाचा दोन आकडी क्रमांक, मग मालिकेची अक्षरे आणि शेवटी चार आकडे. महाराष्ट्रात राहणाऱ्याला 'एमएच' वाचावे लागत नाही. उपनगरातल्या माणसाला ०२ दिसले की अंधेरी, ४७ दिसले की बोरिवली, ०३ दिसले की वडाळ्याचे कार्यालय, म्हणजे घाटकोपर-मुलुंडकडची गाडी, हे पाठ असते. मुलुंडचा चेकनाका ओलांडला की ०४ वाल्या ठाण्याच्या गाड्या सुरू होतात. ओळखीचे हे चार घर वजा केले, की डोक्यावर सहा चिन्हांचेच ओझे राहते. १ जुलै १९८९ रोजी नवा मोटार वाहन कायदा अमलात आला, तोपर्यंत तीन अक्षरे आणि चार आकडे अशी सुटसुटीत पद्धत होती. लक्षात ठेवायला ती सोपी होती यात शंका नाही, पण वाहने वाढली आणि ती पुरेनाशी झाली.

मालिकेच्या अक्षरांतही एक गंमत आहे. इंग्रजी 'आय' आणि 'ओ' ही दोन अक्षरे तेथे वापरत नाहीत, कारण घाईत 'आय' चा एक आणि 'ओ' चे शून्य होते. आता हिशेब करा. सव्वीस अक्षरे घेतली तर दोन अक्षरी मालिका ६७६ होतात. चोवीस घेतली तर ५७६. शंभर मालिका कमी झाल्या आणि प्रत्येक मालिकेत ९,९९९ नंबर असतात. एका कार्यालयाने ९,९९,९०० नंबर, म्हणजे जवळजवळ दहा लाख, केवळ साक्षीदाराची चूक टळावी म्हणून सोडून दिले! इतकी काळजी घेतल्यावर आपले काही शौकीन वाहनमालक काय करतात? ४१४१ हा आकडा इंग्रजीत असा वळवून लिहितात की त्याचा 'दादा' व्हावा. २१४ चा 'राम' करतात. सव्वा सेकंदात पाहणाऱ्याला 'दादा' तेवढे दिसतात, नंबर दिसत नाही. नियमाने हे निषिद्धच आहे.

आता पाटीच्या बैठकीकडे वळू. पाटी नजरेच्या रेषेला काटकोनात असेल तेव्हा ती पूर्ण दिसते. ती कललेली असेल, तर कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात आखडते. त्रिकोणमिती शिकलेल्या विद्यार्थ्यांना ६० अंशांची कोज्या माहीत आहे : निम्मी. मोटारसायकलची मागची पाटी आभाळाकडे वळवून ६० अंशांनी कलती करण्याची हौस काही तरुणांना असते. त्या पाटीवरचे ४० मिलिमीटर उंचीचे आकडे मागून येणाऱ्याला २० मिलिमीटरचे दिसतात, आडव्या रेघा ७ ऐवजी साडेतीन मिलिमीटरच्या होतात आणि वाचण्याचे अंतर २४ मीटरवरून १२ मीटरवर येते. उभ्या रेघा मात्र होत्या तेवढ्याच जाड राहतात. त्यामुळे ज्यांचे वेगळेपण आडव्या रेघांत आहे अशी चिन्हे, जसे इंग्रजी आठ, तीन, 'बी', 'ई', सगळ्यांत आधी एकमेकांसारखी दिसू लागतात. पाटी बाजूने पाहिली तर उलटे घडते. तेव्हा रुंदी आखडते, अक्षरांमधली मोकळी जागा मिटते आणि 'एम', 'एच', 'एन' यांच्या उभ्या रेघा एकमेकींना चिकटतात.

रस्त्यावरच्या कॅमेऱ्यालाही हेच गणित लागू आहे. मुंबईत २०१६ पासून वाहतुकीचे ई-चलन सुरू झाले आणि मानवी डोळ्याच्या जोडीला कॅमेऱ्याचा डोळा आला. समजा, कॅमेरा जमिनीपासून ६ मीटर उंचावर आहे आणि पाटी अर्ध्या मीटरवर, २० मीटर दूर आहे. कॅमेऱ्याची नजर साधारण १५ अंश खाली झुकलेली असते. सरळ उभ्या पाटीची उंची त्याला शेकडा ९६ भाग दिसते. काही बिघडत नाही. ६० अंश आभाळाकडे वळवलेली पाटी त्याला शेकडा सत्तर दिसेल. पण तीच पाटी जमिनीकडे ६० अंश वळवली तर एकूण कोन ७५ अंशांचा होऊन शेकडा २६ भागच उरतो. म्हणजे जी पाटी कॅमेऱ्याला बऱ्यापैकी वाचता येते ती माणसाला अर्धीच दिसते. दोघांनाही चालेल अशी बैठक एकच, ती म्हणजे सरळ उभी.

कोज्येचे शेवटचे टोक पाहायचे असेल तर जुन्या मोटारसायकली आठवा. जुन्या बुलेट किंवा येझदीच्या पुढच्या चाकाच्या मडगार्डवर एक वक्र पाटी उभी असे. ती गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेली, म्हणजे बाजूने पाहणाऱ्याला नंबर छान दिसे, पण समोरून पाहणाऱ्याला पाटीची नुसती कड दिसे. कोन ९० अंश, कोज्या शून्य! शिवाय ती पत्र्याची कड धडक बसलेल्या पादचाऱ्याला पात्यासारखी लागे. ब्रिटनने १९७५ साली मोटारसायकलच्या पुढच्या पाटीची सक्तीच काढून टाकली. आपल्या १९८९ च्या नियमाने वेगळा मार्ग काढला. पुढची पाटी ठेवली, पण ती गाडीच्या अक्षाच्या दिशेने न लावता हँडलला समांतर लावावी, मडगार्डवर किंवा पुढच्या पत्र्यावर कोठेही चालेल, असे सांगितले. मला आपला तोडगा अधिक पसंत आहे. नंबरही राहिला आणि पातेही गेले.

ट्रक, टेंपो यांसारख्या वाहतुकीच्या गाड्यांची मागची पाटी उजव्या बाजूला, आणि गाडीच्या बांधणीप्रमाणे शक्य तेथवर जमिनीपासून एक मीटरच्या आत असावी, असाही नियम आहे. ट्रकचा मागचा भाग तर पुरुषभर उंच असतो. मग पाटी इतकी खाली का? रात्रीचा विचार केला की याची सोय समजते. मागच्या गाडीचे दिवे खालच्या झोतावर असतील तर त्यांचा प्रकाश वर चढत नाही, जमिनीलगतच पसरतो. पाटी त्या प्रकाशात असली पाहिजे. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात आणि चालक उजवीकडे बसतो; तेव्हा मागून ओलांडून जाणाऱ्याच्या नजरेसमोर उजवी बाजूच येते.

रात्रीसाठी आणखी एक आकडा नियम १०५ मध्ये आहे. मागच्या पाटीवर पांढरा दिवा असावा आणि त्याच्या उजेडात नंबर १५ मीटरवरून वाचता यावा. दिवसाचे ३४ मीटर रात्री १५ वर आले. कमी उजेडात डोळ्याची बारीक पाहण्याची शक्ती उतरते, हे नियम करणाऱ्यांनी मान्य केलेले दिसते. पण तो इवलासा दिवा गेला तर चालकाच्या ध्यानातही येत नाही, आणि पावसाळ्यात लालबहादुर शास्त्री मार्गावरून एक फेरी झाली की चिखलाने दिवा व पाटी दोन्ही झाकून जातात.

या अडचणीवर नव्या पाट्यांनी एक उत्तर शोधले आहे. १ एप्रिल २०१९ पासून तयार होणाऱ्या गाड्यांना कारखान्याकडूनच उच्च सुरक्षा पाटी मिळते. ॲल्युमिनियमचा पत्रा, उठावाची अक्षरे, कोपऱ्यात होलोग्रामचे चिन्ह आणि एकदा बसवले की न तोडता निघत नाही असे कुलूप, हे तिचे विशेष सर्वांना ठाऊक आहेत. तिचा पृष्ठभाग मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा आहे. रंगवलेल्या साध्या पाटीवर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. त्यातला अगदी थोडा मागच्या चालकाकडे येतो. आरशावर पडलेला प्रकाश भलतीकडेच निघून जातो. नव्या पाटीचा पृष्ठभाग प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतो. याला प्रतिपरावर्तन म्हणतात. काचेच्या सूक्ष्म मण्यांनी हे साधते. किरण मण्यात शिरताना वक्रीभवनाने वाकतो, मण्याच्या पाठीवर जवळजवळ एका बिंदूत येतो, तेथून परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकून आल्या वाटेला समांतर जातो. मांजराचे डोळे अंधारात चमकतात ते याच कारणाने. कोन फार मोठा झाला तर मात्र ही युक्ती दुबळी पडते. म्हणजे पाटी सरळ लावण्याचे आणखी एक कारण मिळाले.

नंबर वाचण्याची गरज आतल्या प्रवाशालाही असते, हे नियमाने विसरलेले नाही. प्रवासी वाहनात चालक आणि प्रवासी यांच्यामधल्या आडोशावर, प्रवाशांकडे तोंड करून, नंबर रंगवावा असे सांगितले आहे; टॅक्सीत तो पुढच्या फळीवर असला तरी चालतो. रिक्षात छत्री विसरली, किंवा कोणी एकटीदुकटी मुलगी रात्री मुलुंड स्टेशनवरून घरी निघाली, की या आतल्या नंबराची किंमत कळते. तेथे अंतर जेमतेम एक मीटर. एक मीटरवर एक कला म्हणजे ०.३ मिलिमीटर. साध्या ब्रशाने लिहिलेला नंबरही पुरतो, फक्त त्याच्यासमोर दसऱ्याची झेंडूची माळ दिवाळीपर्यंत लोंबत नसावी!

वरच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्यापूर्वी ते शाळेत ताडून पाहा. त्यासाठी रस्त्यावर जाऊ नये. पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाटीची अर्ध्या आकाराची प्रतिकृती काढा : अक्षरांची उंची साडेबत्तीस मिलिमीटर, रेघेची जाडी ५, मधले अंतर ५. हिशेबाने ती १७ मीटरवरून वाचता यावी, आणि एवढी लांबी शाळेच्या व्हरांड्यात सहज मिळते. नंबर वाचणाऱ्याला आधी माहीत नसावा. त्याने २५ मीटरवरून हळूहळू पुढे यावे आणि सर्व चिन्हे बरोबर सांगता आली ते अंतर टेपने मोजावे. मग कोनमापकाच्या साहाय्याने पुठ्ठा ३०, ४५, ६० अंश मागे कलवून नवा नंबर लावून तेच करा, आणि कोज्या व अंतर यांचा आलेख काढा. चष्मा लावणाऱ्यांनी तो काढूनही एकदा वाचावे. संध्याकाळी शाळेच्या आवारात शिक्षकांची नव्या पाटीची गाडी उभी असेल, तर त्यांची परवानगी घेऊन दहा पावलांवर उभे राहा. विजेरी आधी कानाजवळ धरून पाटीवर प्रकाश टाका आणि मग हात बाजूला लांब पसरून टाका. दोन वेळच्या चमकीतला फरक लिहून ठेवा.

प्रयोगात चुकलेल्या चिन्हांचीही यादी करा. पाटी कलती असताना कोणते चिन्ह सर्वांत आधी चुकले आणि ते काय म्हणून वाचले गेले? इंग्रजी आठ आणि 'बी' यांची जोडी यादीत वर असेल असा आमचा अंदाज आहे. आकडा आणि अक्षर यांची ठिकाणे नंबरात ठरलेली असल्याने या चुकीपासून काही संरक्षण मिळते. तीन आणि आठ या जोडीला तेवढेही मिळत नाही.